पैठणीच्या दुकानासाठी डोमेन कसं निवडावं: डॉट कॉम आधीच गेलं असेल तर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला कॉलेज रोडवर पैठणीचं दुकान, नाव ‘आसावली’. माल येवल्याच्या विणकरांकडून येतो. आता वेबसाइट करायची आहे, पण हवं ते डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, डॉट कॉममध्ये कोणीतरी घेऊन ठेवलंय. वेबसाइट करून देणारा सुचवतोय की ‘नाशिकपैठणीसारीजऑनलाइन’ असं काहीतरी घ्या, गूगलवर वर याल. घ्यावं का?

घेऊ नका. हा सल्ला जुन्या काळातला आहे. डोमेनमध्ये शोधशब्द कोंबले की साइट वर यायची, असे दिवस होते. पण 2012 च्या सप्टेंबरमध्ये गूगलने खास अशाच नावांच्या सुमार साइट्स खाली ढकलणारा बदल केला. आज ‘नाशिक’ आणि ‘पैठणी’ हे शब्द पानाच्या मजकुरात, फोटोंच्या वर्णनात आणि गूगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलमध्ये असले की काम होतं, डोमेनमध्ये ते असायलाच हवेत असं नाही. उलट तोटे बरेच आहेत. नाव लांबलचक होतं, उद्या पुण्यात शाखा काढली की ‘नाशिक’ अडचणीचं होतं, पैठणीसोबत इरकल ठेवायची म्हटलं की ‘पैठणी’ अडते. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतं ते ‘आसावली’. सिंहस्थ जवळ आल्यावर हॉटेल आणि टूरवाल्यांमध्ये नावात ‘2027’ घालण्याची हौस दिसते, तिचाही प्रकार हाच. पर्वणी संपली की नाव शिळं.

आता मुद्द्याचं. मराठी दुकानाच्या डोमेनची खरी परीक्षा कानावर होते. तुमचं नाव गिऱ्हाईक फोनवर ऐकतं, लग्नघरात मावशीकडून ऐकतं आणि मग रोमन अक्षरांत टाइप करतं. मराठी उच्चाराला ठरलेलं एकच रोमन स्पेलिंग नसतं, त्यामुळे कानावर पडलेलं नाव बोटांतून भलतंच उतरतं.

‘आसावली’च घ्या. सुरुवातीला एक ए की दोन? ‘व’साठी व्ही की डब्ल्यू? ‘व’नंतर ए घालायचा की ‘आसावली’ म्हणताना तो ऐकूच येत नाही म्हणून सोडायचा? तीन जागा, प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे आठ स्पेलिंगं झाली, आणि आठही वाचायला बरोबर वाटतात. शेवटी आयच्या जागी डबल ई लावणारेही असतात, ते वेगळेच. याच्याशेजारी ‘पदर’ ठेवून बघा: पी, ए, डी, ए, आर. चुकायला फारशी जागाच नाही. ‘मुनिया’ला दोन-तीन रूपं, ‘नारळी’ला त्याहून जास्त. गावाच्या नावाचंही तेच. येवल्याचं सरकारी स्पेलिंग वाय-ई-ओ-एल-ए आहे, पण उच्चारावरून लिहिणारा माणूस त्यात व्ही किंवा डब्ल्यू घालतोच. नाशिकही याला अपवाद नाही. महापालिका एस-एच लिहिते आणि रेल्वे स्टेशनच्या पाटीवर अजून एच नसलेलं ‘नासिक रोड’ आहे. दोन्ही स्पेलिंगं लोकांच्या बोटात बसलेली आहेत.

म्हणून पैसे भरण्याआधी एवढं करा. पाच जणांना फोन लावा. त्यात दोघे तरी मराठी नसलेले हवेत, कारण पैठणी घेणाऱ्यांत गुजराती आणि हिंदी बोलणारी गिऱ्हाइकं भरपूर असतात. नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि त्यांना ते इंग्रजीत टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. पाचापैकी चार जणांनी एकच लिहिलं तर नाव चाललं. तिघांनी एक आणि दोघांनी दुसरं लिहिलं तर दोन्ही स्पेलिंगं विकत घ्या आणि कमी चालणारं मुख्य पत्त्यावर वळवा. चार तऱ्हा आल्या तर त्या नावापुढे एखादा भक्कम शब्द लावा किंवा नावच बदला. एक अट मात्र आधी बघा. पाटीवर, जीएसटी बिलावर आणि इन्स्टाग्रामवर रोमन स्पेलिंग आधीच ठरलेलं असेल तर डोमेनही तेच ठेवा. दुकानात एक आणि साइटवर दुसरं, हा घोळ सगळ्यात वाईट.

दोन शब्द जोडताना सांधा तपासा. इथे हमखास गडबड होते. ‘पैठणी’ आणि ‘इंडिया’ जोडलं की मध्ये दोन आय लागोपाठ येतात. टाइप करणारा एक खातो आणि साइट सापडत नाही. ‘नाशिक’ आणि ‘कला’ जोडलं तर दोन के. ‘आसावली’पुढे ‘येवला’ लावलं तर आय, वाय, ई, ओ असा स्वरांचा गुंता होतो, तो वाचायलाच दोनदा थांबावं लागतं. ‘सारी’ शब्दाचीच स्पेलिंगं तीन-चार, त्यामुळे तो टाळलेला बरा. ‘सिल्क’ मात्र सगळे एकाच पद्धतीने लिहितात, आणि ‘आसावली’च्या शेवटच्या आयनंतर एस आल्याने सांधाही साफ राहतो. जोडलेलं नाव सगळं लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहून काढा आणि घरातल्या एखाद्या मुलाला मोठ्याने वाचायला द्या. नको तो शब्द मध्येच तयार होत असेल तर तो लगेच पकडेल.

नियमाने एका नावात 63 अक्षरांपर्यंत मुभा आहे. अक्षरं, आकडे आणि हायफन चालतात, हायफन सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही, अंडरस्कोर चालत नाही. व्यवहारात 15 च्या आत राहा. हायफन कायद्याने चालला तरी घेऊ नका. फोनवर कोणी त्याला डॅश म्हणतं, कोणी मायनस, आणि ऐकणारा अंडरस्कोर लिहून मोकळा होतो. आकड्याचंही तसंच, तो अंकात लिहायचा की अक्षरात हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

आता शेवटचा भाग, म्हणजे डॉटनंतरचं. तुमचं गिऱ्हाईक बहुतेक भारतातलं असेल तर डॉट इन अजिबात कमीपणाचं नाही. 2005 पासून ते सगळ्यांना खुलं आहे, निक्सी ही संस्था ते सांभाळते, आणि साइट भारतासाठी आहे हा इशारा गूगललाही त्यातून मिळतो. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मराठी घरांना साड्या पाठवायच्या असतील तर डॉट कॉमचं वजन जास्त. दोन्ही मोकळी असतील तर दोन्ही घ्या, एकावर साइट ठेवा आणि दुसरं 301 रीडायरेक्टने, म्हणजे कायमचं, तिकडे वळवा. दोन्हीकडे तीच साइट वेगवेगळी चालू ठेवू नका. डॉट को डॉट इन चालेल, पण सांगायला लांब. नुसतं डॉट को मात्र टाळाच. लोक सवयीने त्यापुढे ‘एम’ लावतात आणि तुमची मेल दुसऱ्याच्या दारात जाते. डॉट शॉप, डॉट स्टोअर पहिल्या वर्षी शे-दोनशे रुपयांत मिळतात आणि दुसऱ्या वर्षीच्या बिलाला डोळे पांढरे होतात. कुठलंही डोमेन घेताना पहिल्या वर्षीची ऑफर बघू नका, रिन्यूअलचा दर बघा आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरा. साधं डॉट कॉम किंवा डॉट इन वर्षाला हजार रुपयांच्या आगेमागे पडतं.

देवनागरी नावाबद्दलही विचारलं जातं. डॉट भारत 2014 पासून मिळतंय आणि ‘आसावली डॉट भारत’ लिहिलं की स्पेलिंगचा सगळा वरचा वाद मिटतो. तरीही एकमेव पत्ता म्हणून ते ठेवू नका. त्यावरचा ईमेल पत्ता अनेक फॉर्म आणि बऱ्याच मेल सेवा स्वीकारत नाहीत, आणि काही ठिकाणी लिंक कॉपी केली की ‘एक्सएन’ आणि दोन डॅशने सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात. आतून डोमेन यंत्रणा रोमन अक्षरांवरच चालते, म्हणून असं होतं. पिशवीवर, जाहिरातीच्या फलकावर दुसरा पत्ता म्हणून ते झकास दिसतं.

पैठणीवाल्यांनी एक वेगळी गोष्ट पाहायला हवी. ‘पैठणी साड्या आणि कापड’ याला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या अस्सल मालाच्या नावाला कायद्याचं संरक्षण, आहे. नाशिकची द्राक्षं, नाशिक व्हॅली वाइन, लासलगावचा कांदा यांनाही आहे. खरी हातमागाची पैठणी विकणाऱ्याने नावात ‘पैठणी’ घातलं तर बिघडत नाही, पण त्याच साइटवर यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ विकायची असेल तर डोमेनमध्ये हा शब्द असणं उद्या अंगाशी येऊ शकतं. तुम्ही येवल्याचा माल घेताय, तर मानांकनाखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करण्याचं वकिलाला विचारा. डोमेनला कितीही खर्च केलात तरी त्याहून ही नोंद साइटवर जास्त बोलेल.

ट्रेडमार्कचं मात्र आधी बघायचं. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. कापडासाठी वर्ग 24, कपड्यांसाठी 25, दुकानदारीसाठी 35, अशा तिन्ही वर्गांत शोधा, आणि नुसतं हुबेहूब नाव टाकून थांबू नका, उच्चारावरून शोधायचा पर्याय वापरा. गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, जीएसटी नंबर यांपैकी कशानेही नावावर हक्क मिळत नाही, आणि डोमेन विकत घेतल्यानेही नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच स्पष्ट केलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं. म्हणजे तुमच्याआधी त्याच धंद्यात ते नाव वापरणारा कोणी असेल तर तो तुमचं डोमेन काढून घेऊ शकतो, अगदी तुम्ही पाच वर्षं रिन्यू करत असलात तरी. वैयक्तिक अर्जदार किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन ट्रेडमार्क अर्जाची फी दर वर्गाला 4,500 रुपये आहे, नोंदणी 10 वर्षं टिकते. डोमेनवर खर्च करणाऱ्याने हाही करावा.

गेलेल्या डॉट कॉमबद्दल. ते कोणाकडे आहे, कधी घेतलं आणि कधी संपतंय हे नोंदणीच्या तपशिलात बघता येतं. मालकाचं नाव हल्ली बहुधा झाकलेलं असतं, तारखा मात्र दिसतात. त्या पत्त्यावर चालू धंदा असेल, आणि तोही साड्यांचा, तर तुमचंच नाव पुन्हा तपासा. तक्रार तुमच्यावरच उलटायला वेळ लागत नाही. नुसतं ‘विकाऊ आहे’ असं पान असेल तर मागितलेला भाव पहिल्या फटक्यात देऊ नका, एक आकडा मनाशी धरून ठेवा आणि तो ओलांडला की सोडून द्या. व्यवहार झालाच तर पैसे मध्यस्थ एस्क्रो सेवेमार्फत द्या, थेट खात्यावर कधीही नाही. कोणी तुमचंच नाव तुम्हाला अडवायला मुद्दाम घेऊन ठेवलं असेल तर डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी निक्सीची आयएनडीआरपी अशी तक्रारीची सोय आहे. यूडीआरपीमध्ये डोमेन वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं हे दोन्ही दाखवावं लागतं, आयएनडीआरपीमध्ये दोनपैकी एक पुरतं. पण जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासमोर पाच डोमेनपर्यंतच्या यूडीआरपी तक्रारीची फी 1,500 डॉलर आहे. नव्या दुकानाने या वाटेला न जाता दुसरं नाव घेतलेलं स्वस्त पडतं.

मोकळं दिसणारं नावही कोरं असेलच असं नाही. जुन्या पानांचा साठा ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये ते टाकून बघा. आधी त्यावर जुगाराची किंवा बनावट औषधांची साइट असेल तर ते नाव स्पॅमच्या काळ्या यादीत असू शकतं आणि तुमची बिलं, कोटेशनं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतील.

नाव ठरलं की शोधून त्याच बैठकीत विकत घ्या, आणि इथून पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. डोमेन स्वतःच्या खात्यातून घ्या, स्वतःच्या कार्डाने, स्वतःच्या नावावर. वेबसाइट करणाऱ्याने ‘सगळं पॅकेजमध्ये आहे’ म्हणून त्याच्या खात्यात घेतलं की कागदावर मालक तो. तो चांगला असेलही, पण त्याने धंदा बंद केला, फोन बदलला, पैशावरून वाजलं, की तुमचा पत्ता त्याच्या हातात. त्याला काम करायला डीएनएसचा, म्हणजे साइट आणि मेल कुठे जाते ते ठरवणाऱ्या नोंदींचा, ॲक्सेस द्या, खात्याचा पासवर्ड नको. आधीच त्याच्याकडे असेल तर तो त्याच रजिस्ट्रारवरच्या (म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडच्या) तुमच्या खात्यात ते ढकलू शकतो, हा सोपा मार्ग. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर डोमेनचं लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे ते हलवण्याचा गुप्त कोड, घ्यावा लागतो. डॉट कॉमच्या बाबतीत मालकाने मागितल्यावर पाच दिवसांत कोड देणं रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. नव्याने घेतलेलं डोमेन पहिले 60 दिवस हलवता येत नाही, हे लक्षात ठेवून घाई करू नका.

खात्याला जो ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा नको. कारण साधं आहे: डोमेन संपलं की त्यावरची मेल बंद, आणि मेल बंद म्हणजे रिन्यू करायची सूचनाही येत नाही. जीमेलचा पत्ता द्या, ज्याचा पासवर्ड तुमच्याकडे आणि घरातल्या आणखी एकाकडे आहे. डॉट कॉम घेतल्यावर पत्ता खरा आहे याची पडताळणी करणारी मेल येते. 15 दिवसांत त्यातल्या लिंकवर क्लिक झालं नाही तर डोमेन थांबवलं जातं, साइट गायब होते, आणि लोक दोन दिवस होस्टिंगवाल्याशी भांडत बसतात. डॉट इनसाठी ओळखीची कागदपत्रं मागितली जाऊ शकतात, त्यामुळे पॅन किंवा आधारवर जे नाव आहे तेच भरा.

ऑटो रिन्यू लावून निर्धास्त होऊ नका. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी रीतसर मंजुरी नोंदवावी लागते, आणि परदेशी रजिस्ट्रारकडे हे व्यवहार बरेचदा फसतात. एकदम तीन किंवा पाच वर्षांचे पैसे भरलेले बरे, जास्तीत जास्त 10 वर्षांचे भरता येतात. फोनच्या कॅलेंडरमध्ये संपण्याच्या 45 दिवस आधीची आठवण लावा. तरीही चुकलंच तर डॉट कॉमचा क्रम असा: मुदत संपल्यावर साइट काही दिवसांतच बंद पडते, रजिस्ट्रार जास्तीत जास्त 45 दिवसांपर्यंत नेहमीच्या दराने रिन्यू करू देतो, पण काही जण त्याआधीच लिलावाला काढतात. त्यानंतर 30 दिवस सोडवणुकीचा काळ, त्यात नेहमीच्या पैशांव्यतिरिक्त हजारो रुपयांचा दंड. मग पाच दिवस काहीच करता येत नाही आणि नंतर ते कोणालाही मिळू शकतं.

रिन्यू करायला सांगणारी मेल आली की त्यातल्या लिंकवरून पैसे भरू नका, स्वतः रजिस्ट्रारच्या साइटवर जाऊन तारीख बघा. ‘सर्च इंजिन नोंदणी संपतेय’ अशी बिलं आणि ‘चीनमधली एक कंपनी तुमच्या नावाची डोमेन घेतेय, आधी तुम्ही घ्या’ अशा मेल दोन्ही फसव्या असतात. उत्तर न देता डिलीट करा.

तुमच्या बाबतीत मी असं करेन: पाटीवरच्या स्पेलिंगचं ‘आसावली’ डॉट इन मोकळं असेल तर ते, नसेल तर ‘आसावलीसिल्क’ डॉट कॉम आणि डॉट इन. सोबत फोनच्या चाचणीत दुसऱ्या नंबरावर आलेलं एक स्पेलिंग. तीन डोमेन पुरे. कोणी पंधरा घ्यायला सांगत असेल तर तो कमिशन मोजतोय. इन्स्टाग्रामवर तेच नाव, 30 अक्षरांच्या आत, त्याच दिवशी घेऊन ठेवा.

डोमेनवर मेल चालू करताना एसपीएफची नोंद, म्हणजे तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं त्याची यादी, एकच ठेवा. एक मेलवाल्याने सांगितलेली आणि दुसरी साइटवाल्याने टाकलेली, अशा दोन झाल्या की दोन्ही निकामी होतात. मेल खरंच तुमची आहे हे पटवणाऱ्या डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदीही लावून घ्या, 2024 पासून जीमेल या बाबतीत कडक झालंय. पुढे कधी साइटवाल्याने नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी जिथे ठेवलेल्या असतात ते सर्व्हर, बदलले तर आधीच्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा. साइट नवीन दिसते आणि मेल मात्र त्याच रात्री बंद पडते, ती मेल कुठे पोचवायची हे सांगणारी एमएक्स नोंद नव्या ठिकाणी न्यायची राहिली म्हणून. सगळं जोडून झालं की नव्या पत्त्यावरून एक मेल जीमेलला, एक रेडिफला आणि एक तुमच्या सीएच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, तिघांकडून उलट उत्तर मागवा. तिन्ही उत्तरं आली की मगच पिशव्या आणि साडीचे बॉक्स छापायला टाका.